चाकांचे वजन उतरवले. वेग नेमका कशाने वाढला?

माझ्या रोड सायकलीची चौकट ॲल्युमिनियमची असून तिला साधे रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडीला (रिमला) दोन्ही बाजूंनी घासणारे ब्रेक, आहेत. या सायकलीला मी आधी फोल्डिंग टायर (कडेला लोखंडी तार नसल्याने घडी होणारे) आणि हलक्या ट्यूब बसवून घेतल्या आणि त्यानंतर पावसाळा संपल्यावर मूळची जड चाके काढून हलक्या चाकांची जोडी लावली. टायर आणि ट्यूबचा खर्च सहा हजारांच्या आत राहिला, चाकांना मात्र त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम मोजावी लागली. दोन्ही खरेद्या वेगवेगळ्या वेळी झाल्यामुळे कोणत्या पैशाने काय दिले हे वेगळे काढून पाहता आले. एकाच दिवशी सगळे बदलले असते तर सायकल पळू लागल्याचे सारे श्रेय महागड्या वस्तूला गेले असते, आणि बहुतेक ठिकाणी तसेच होते असे मला वाटते.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. टायरचे पैसे पहिल्याच आठवड्यात वसूल झाले. चाकांचे पैसे वाया गेले असे म्हणणार नाही, परंतु वेगाच्या हिशेबाने ते वसूल झालेले नाहीत आणि होतील असेही दिसत नाही. हे असे का होते, याचे उत्तर वजनकाट्यावर थोडे आणि रस्त्यावर पुष्कळ सापडते.

वजने स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर घेतली. सायकलीसोबत आलेला तारेच्या कडेचा टायर ४४० ग्रॅम भरला आणि त्याच मापाचा, म्हणजे २८ मिलिमीटर रुंदीचा, नवा फोल्डिंग टायर ३१० ग्रॅम. जुनी ट्यूब १४० ग्रॅमची होती, नवी १०५ ग्रॅमची. कॅसेट (मागचे दातेरी गिअर), स्क्यूअर (चाक चौकटीला आवळणारा दांडा) आणि रिम टेप (रिमच्या आतली पट्टी) काढून मोजलेल्या जुन्या चाकांची जोडी २,३६० ग्रॅम होती, नवी १,८५० ग्रॅम. सगळे मिळून सायकलीवरून साधारण ८४० ग्रॅम उतरले. त्यातले ३३० ग्रॅम टायर आणि ट्यूबचे, उरलेले ५१० ग्रॅम चाकांचे. आणि चाकांच्या या बचतीतही दोनशेच्या आसपास ग्रॅम हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यभागी आसाभोवती असलेल्या भागात, वाचलेले आहेत. हा शेवटचा तपशील दुकानदार सहसा सांगत नाहीत. तो का महत्त्वाचा आहे ते पुढे येईल.

टायर घ्यायला गेलो तेव्हा दुकानातल्या तरुण मुलाने सरळ चाकेच पुढे ठेवली. "सर, टायरमध्ये काय नाही, चाक हलकं केलं की सायकल पळतीच की," असे त्याचे म्हणणे. त्यामागे जो सिद्धान्त सांगितला जातो, तो असा की चाकावरचा एक ग्रॅम चौकटीवरच्या दोन ग्रॅमइतका भारी असतो. हे खोटे नाही. सायकल पुढे जाते तेव्हा चाकाच्या परिघावरचे वस्तुमान दोन कामे करते : ते सायकलीबरोबर पुढे सरकते आणि स्वतःभोवती फिरतेही. परिघाचा फिरण्याचा वेग आणि सायकलीचा पुढे जाण्याचा वेग सारखाच असल्यामुळे रिम, टायर आणि ट्यूब यांच्या प्रत्येक ग्रॅमला वेगात आणण्यासाठी चौकटीवरच्या ग्रॅमच्या दुप्पट ऊर्जा लागते. हब आसाच्या अगदी जवळ असतो, त्याची फिरण्याची ऊर्जा नगण्य असते, म्हणून हबमधले वाचलेले दोनशे ग्रॅम हे पाण्याच्या बाटलीतल्या दोनशे ग्रॅमसारखेच साधे वजन. म्हणजे चाकांच्या जोडीवर छापलेले एकूण वजन पाहून भुलू नये. वजन रिममध्ये वाचले की हबमध्ये, हे आधी विचारावे.

परंतु 'दुप्पट' हा शब्द कशाच्या दुप्पट आहे, हे विसरले की गडबड होते. स्वार, सायकल, बाटली आणि हत्यारांची पिशवी मिळून माझे एकूण वजन ८५ किलोच्या आसपास जाते. थांबलेल्या अवस्थेतून ताशी २५ किलोमीटर वेग गाठायला या सगळ्याला साधारण २,१०० ज्यूल ऊर्जा द्यावी लागते. वर सांगितलेली सगळी बचत, दुप्पट धरायची तिथे दुप्पट धरून, त्यातले अवघे पस्तीस ज्यूल वाचवते. हे प्रमाण पावणेदोन टक्क्यांच्याही आतले आहे. सिग्नल सुटल्यापासून २५ चा वेग गाठायला आठ सेकंद लागत असतील, तर फरक सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्शाचा. आमच्या सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात पुढच्या रिक्षाचालकाने मागे वळून प्रवाशाशी एक वाक्य बोलले की तेवढा वेळ गेलेला असतो.

एकदा वेग आला की तो टिकवण्याच्या कामात चाकाच्या जडपणाचा प्रश्नच उरत नाही. सपाट रस्त्यावर एकाच गतीने चालताना चाक जड आहे की हलके, याने फिरण्याच्या ऊर्जेत काहीही भर पडत नाही. जी ऊर्जा सुरुवातीला त्यात साठवली ती तिथेच असते, आणि पेडल थांबवले की जड चाक ती परत देत सायकलीला थोडे अधिक पुढे नेते. ती ऊर्जा खरोखर वाया जाते ती फक्त ब्रेक दाबल्यावर, उष्णतेच्या रूपाने. म्हणून हलक्या चाकांचा काही उपयोग होत असेल तर तो शहरातल्या थांबत-सुटत चालणाऱ्या फेरीत, किंवा शर्यतीत दर वळणावर वेग कमी करून पुन्हा झेप घेणाऱ्या स्वाराला. विजापूर रोडने बाहेर पडून तासभर एका लयीत सायकल चालवणाऱ्याला हा लाभ जवळजवळ मिळतच नाही.

येथे दुकानातल्या एका प्रात्यक्षिकाविषयी लिहिले पाहिजे, कारण सोलापुरातच नव्हे तर सगळीकडे ग्राहक त्याने प्रभावित होतात. सायकल उचलून धरायची, चाकाला हाताने जोरात गती द्यायची आणि ते किती वेळ फिरते ते दाखवायचे. फार वेळ फिरले की चाक उत्तम, असा समज. वास्तविक जड रिम आणि जड टायरचे चाक जास्त ऊर्जा साठवते, त्यामुळे बेअरिंग सारखेच असतील तर हवेत तेच अधिक वेळ फिरणार. माझे जुने चाक नव्यापेक्षा ठळकपणे जास्त वेळ फिरत राही. हातात उचललेल्या चाकावर स्वाराचे वजन नसते आणि टायर रस्त्याला टेकलेला नसतो. म्हणजे ज्या दोन गोष्टींमुळे खरी ऊर्जा खर्च होते त्या दोन्ही या परीक्षेतून वगळलेल्या असतात. बेअरिंग तपासायचेच असेल तर चाक अगदी हळू सोडावे, आसाला बोट लावून खरखर जाणवते का पाहावे आणि रिम धरून बाजूला हलवून बेअरिंग धरून ठेवणाऱ्या कोनमध्ये ढिलाई आहे का ते बघावे. वेळ मोजण्यात अर्थ नाही.

टायरचा अनुभव अगदी वेगळा. जुन्याच चाकांवर नवे टायर चढवून पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हाच फरक कळला, आणि तो सुरुवातीच्या झेपेत नव्हता, चालत्या वेगात होता. टायर रस्त्याला टेकतो तेथे तो दबतो आणि पुढे जाताना पुन्हा मूळ आकार घेतो. या दबण्या-उठण्यात रबर आणि आतले कापड काही ऊर्जा उष्णतेच्या रूपात गिळते. जाड रबराचा, राठ कापडाचा टायर जास्त गिळतो, लवचीक टायर कमी. याचेच माप म्हणजे रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक. सायकलीसोबत येणाऱ्या साध्या टायरचा हा गुणांक ०.००७५ आणि बऱ्या फोल्डिंग टायरचा ०.००५ धरला, तर ८५ किलो वजनाला ताशी २५ किलोमीटर वेगाने पुढे नेताना चौदा-पंधरा वॅटचा फरक पडतो. त्या वेगाला सपाट रस्त्यावर, वारा नसताना, एकूण सव्वाशे वॅटच्या आसपास शक्ती लागते. त्यातले ऐंशी हवेच्या विरोधात जातात आणि उरलेले बहुतेक टायरमध्ये. तेवढ्याच श्रमात ताशी एक-सव्वा किलोमीटर अधिक वेग मिळावा, असे हे गणित सांगते आणि माझ्या सायकल कॉम्प्युटरवरचे आकडे त्याच्याशी बऱ्यापैकी जुळतात. याउलट ८४० ग्रॅम वजन कमी झाल्याने रोलिंग रेझिस्टन्समध्ये होणारी बचत अर्ध्या वॅटचीही नाही.

थोडक्यात, फोल्डिंग टायर हलका असतो म्हणून वेगवान नसतो. ज्या कारणाने तो वेगवान असतो, म्हणजे पातळ रबर आणि बारीक धाग्याचे कापड, त्याच कारणाने तो हलकाही होतो. ग्राहक काट्यावर वजन पाहतो, रस्त्यावर वेग पाहतो आणि दोहोंचा कार्यकारण संबंध जोडून मोकळा होतो. हाच तर्क मग पुढे नेऊन तो महागडी चाके घेतो आणि तिथे वजन उतरते पण वेग येत नाही.

सायकलीच्या इतिहासातही याचे दाखले आहेत. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी बेलफास्टच्या शर्यतीत विली ह्यूम हे त्या टायरवर उतरले. तोवर शर्यतीत सडपातळ, भरीव रबराचे टायर असत, आणि हे फुगीर टायर पाहून लोकांना हसू आले होते. ह्यूम जिंकले. पुढे १९७२ मध्ये बेल्जियमचे सायकलपटू एडी मेर्क्स यांनी मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला, ते सहा किलोंहूनही कमी वजनाच्या, भागांना भोके पाडून हलक्या केलेल्या सायकलीवर. तो विक्रम १९८४ मध्ये त्याच शहरात इटलीचे फ्रान्चेस्को मोझेर यांनी मोडला आणि ५१.१५१ किलोमीटरपर्यंत नेला, तेव्हा त्यांच्या सायकलीला तारांची हलकी चाके नव्हती, भरीव तबकडीची चाके होती. ती हलकी नव्हती. हवा कापणारी होती. तासभर एका गतीने चालायचे असेल तर काट्यापेक्षा वारा महत्त्वाचा, हे तिथे दिसले.

आता चढाचा प्रश्न. सोलापूर शहर आणि भोवतालचा प्रदेश बहुतांशी सपाट, काळ्या मातीचा. अक्कलकोट किंवा पंढरपूरकडे जाताना चढ म्हणावा असे फारसे काही लागत नाही. अपवाद तुळजापूरचा. हिप्परगा तलाव मागे टाकून तामलवाडीवरून पुढे गेले की रस्ता हळूहळू बालाघाटाच्या रांगेकडे चढू लागतो आणि तुळजापूरच्या अलीकडे घाट लागतो. घाट फार मोठा नाही, तरी चाळीसेक किलोमीटर उन्हात आलेल्या पायांना तो पुरेसा असतो. चढावर गती जवळजवळ स्थिर असते, म्हणून तेथे 'दुप्पट' हा नियमही लागू होत नाही. चाकावरचा ग्रॅम आणि खिशातल्या मोबाइलचा ग्रॅम सारखाच. शंभर मीटर उंची चढायला दीडशे वॅटने निदान नऊ मिनिटे लागतात आणि ८४० ग्रॅम कमी केल्याने त्यातली पाच-साडेपाच सेकंद वाचतात. पाऊण लिटरची भरलेली बाटली घाटाच्या पायथ्याशी पिऊन रिकामी केली, तरी सायकलीवरून जवळजवळ तेवढाच भार उतरतो. अर्थात पाणी पोटात गेले तर एकूण वजन तेच राहते हे खरे, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पाणी ओतून देण्याचा सल्ला कोणी देणार नाही. मुद्दा एवढाच की हजारो रुपयांची चाके आणि एक बाटली पाणी यांचे वजन एकाच घरातले आहे.

मग नव्या चाकांनी काहीच दिले नाही का? दिले. सायकल हातात चपळ वाटते. खोगिरावरून उठून पेडल मारताना पुढचे चाक डावी-उजवीकडे सहज झुकते, खड्डा टाळायला हँडल वळवले की सायकल लगेच ऐकते. सिग्नल सुटल्यावरच्या पहिल्या दोन-तीन पेडलांत हलकेपणा जाणवतो, घड्याळात तो दिसत नाही ही गोष्ट वेगळी. रोज चालवायच्या वस्तूत हा आनंद मोलाचा असतो, त्याला मी कमी लेखत नाही. शिवाय नव्या हबचे बेअरिंग नीट बसवलेले होते आणि रिम सरळ होती, त्यामुळे ब्रेक एकसारखा लागतो. मात्र जुन्या चाकांचे छर्रे बदलून, नवे ग्रीस भरून आणि मिस्त्रींकडून रिमचा आउट (वाकडेपणा) काढून घेतला असता, तर या सुधारणेतला बराच भाग काही शे रुपयांत मिळाला असता.

मिस्त्रींचा उल्लेख आला म्हणून सेवेविषयीही लिहितो. चाके मी दुकानातून घेतली, परंतु तारांचा ताण शहरातल्या जुन्या पेठेतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडून तपासून घेतला. गिरण्यांच्या काळात भोंग्याच्या वेळी रस्ते भरून टाकणाऱ्या काळ्या सायकली याच पिढीने चालत्या ठेवल्या. रॉड ब्रेकच्या त्या सायकलींच्या लोखंडी रिम, जाड टायर आणि मागे-पुढे भरगच्च तारा यांच्यासमोर आमची 'जड' चाकेही पोरसवदा ठरावीत. या मिस्त्रींनी, म्हणजे अण्णांनी, चाक स्टँडला लावले, ब्रेकच्या जागी अंगठ्याचे नख रिमपासून केसभर अंतरावर धरले आणि चाक सावकाश फिरवत नखाला रिम कुठे घासते ते नुसत्या आवाजावरून टिपले. घासले की त्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या तारा दोन बोटांनी चिमटून पाहायच्या, ढिल्या बाजूला निपल (तारेच्या टोकाची चाकी) पाव फेरा आवळायचे, समोरच्या बाजूला तेवढेच सोडायचे. कंपनीतून आलेल्या नव्या चाकातही मागच्या बाजूला दोन तारा ढिल्या निघाल्या. नवी चाके घेणाऱ्याने पहिल्या काही आठवड्यांनंतर एकदा हे करून घ्यावेच; तारा आपापल्या जागी बसल्या की ताण बदलतो आणि ढिली तार आज ना उद्या हबच्या बाकाशी तुटते.

तार तुटण्याचा प्रश्न हलक्या चाकांत अधिक गंभीर आहे. छत्तीस तारांच्या चाकातली एक तुटली तर बाकीच्या सांभाळून घेतात आणि माणूस घरी पोहोचतो. कमी तारांच्या चाकात एक तुटली की रिम एकदम एका बाजूला ओढली जाते, ब्रेकला घासते आणि कधी कधी चाक फिरतच नाही. साध्या गोल तारा सोलापुरात कोणत्याही मोठ्या सायकल दुकानात कापून मिळतात, चपट्या तारा मात्र बहुधा पुण्याहून मागवाव्या लागतात. ज्यांचे वजन नव्वद किलोंच्या पुढे आहे, किंवा जे मागे कॅरिअर लावून सामान नेतात, त्यांनी कमी तारांच्या चाकांच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

हलक्या टायरची खरी परीक्षा मात्र वेगात नाही, काट्यांत आहे, आणि येथे सोलापूर जिल्हा कोणालाही दयामाया दाखवत नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना वेडी बाभूळ; तिच्या फांद्या तोडून ट्रॉलीतून नेताना काटे डांबरावर सांडतात. पावसाळा सरता सरता जमिनीलगत पसरलेल्या वेलीचे सराटे वाळतात आणि सायकल कडेला उतरवली की टायरला चिकटून येतात. सराटा असा असतो की तो कसाही पडला तरी एक काटा वरच राहतो. ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्यांना जागा देण्यासाठी सायकलस्वाराला पुन्हा पुन्हा कडेला उतरावे लागते, त्यामुळे ते महिने सर्वांत वाईट. अगदी पातळ, निव्वळ शर्यतीसाठी बनवलेला टायर या रस्त्यांवर घेणे म्हणजे पंक्चरचे सोल्युशन किलोवर विकत घेणे होय. मी मधला मार्ग घेतला : फोल्डिंग, लवचीक, परंतु मधल्या पट्ट्याखाली काटेरोधक थर असलेला. हा थर टायरचे वजन वाढवतो आणि थोडा वेगही घेतो, पण वाटेत उन्हात बसून ट्यूब बदलण्यात जाणारी पंधरा मिनिटे कोणताही हलका टायर भरून काढू शकत नाही. तरीही पंक्चर होतातच. घरी आल्यावर टायरवरून सावकाश हात फिरवून, अडकलेले काटे चिमट्याने उपटून टाकण्याची सवय ठेवली तर ते बरेच कमी होतात, कारण काटा बहुधा पहिल्याच फेरीत आरपार जात नाही, फिरता फिरता आत रुतत जातो.

टायरच्या आत घालायची प्लॅस्टिकची संरक्षक पट्टीही मिळते. ती वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ती टायरचा लवचीकपणा मारते, म्हणजे ज्यासाठी जास्त पैसे मोजले तेच गमावले जाते. पट्टी लावायचीच असेल तर साधा टायर बरा.

ट्यूबविषयी थोडेसे. ब्यूटाइलच्या साध्या ट्यूबऐवजी हलकी ब्यूटाइल ट्यूब घेतल्याने जोडीमागे सत्तर ग्रॅम वाचले, किंमत फारशी वाढली नाही आणि पंक्चर नेहमीच्या पॅचने निघते. चाळीस ग्रॅमच्या आसपास वजनाच्या टीपीयू (एक प्रकारचे लवचीक प्लॅस्टिक) ट्यूबही आता बाजारात आहेत. त्या घडी करून खिशात मावतात, म्हणून लांबच्या फेरीत जादा ट्यूब म्हणून सोबत ठेवायला उत्तम. मात्र काही टीपीयू ट्यूब रिम ब्रेकच्या चाकात वापरू नयेत असे कंपनीच लिहिते, कारण लांब उतारावर ब्रेकने रिम तापते आणि हे प्लॅस्टिक मऊ पडते. पाकिटावरचा मजकूर वाचल्याशिवाय घेऊ नये. त्यांना वेगळे पॅच लागतात आणि ते कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे असतील असे गृहीत धरू नये.

हवेच्या दाबाकडे दुर्लक्ष करून टायरवर पैसे घालवणारे अनेकजण पाहतो. पुष्कळ स्वार अजूनही २८ च्या टायरमध्ये १०० ते ११० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा ठासून भरतात, कारण दगडासारखा टायर वेगवान असतो अशी समजूत आहे. कारखान्यातल्या गुळगुळीत ड्रमवर ते काही अंशी खरे असेल. आपल्या खडबडीत डांबरावर टणक टायर प्रत्येक खडीवर उसळतो, स्वाराचे अंग हादरते आणि त्या हादऱ्यात जाणारी ऊर्जा त्याच्याच पायांतून आलेली असते. बाहत्तर किलोंच्या स्वाराला २८ च्या टायरमध्ये मागे ऐंशीच्या आत आणि पुढे त्याहून थोडा कमी दाब पुरतो. यात एक पैसाही लागत नाही, आणि मनगटांना येणारी बधिरता कमी होते ती वेगळीच. रिमवर टायर आपटून ट्यूबला दोन समांतर चिरा पडल्या, तर मात्र दाब फार कमी झाला असे समजून पाच पीएसआय वाढवावेत.

तेव्हा कोणी काय घ्यावे? ज्याच्या सायकलीवर अजून मूळचे तारेच्या कडेचे टायर आहेत, त्याने दुसरे काहीही घेण्यापूर्वी काटेरोधक थराचे बरे फोल्डिंग टायर घ्यावेत. त्याच्या निम्म्या किमतीतही दाब मोजणारा उभा पंप घेता येतो, तो नसेल तर आधी तो. ज्याची रिम ब्रेकने झिजून आत खोलगट झाली आहे, त्याला चाक बदलावेच लागणार आहे आणि त्याने हबपेक्षा रिममध्ये वजन वाचवलेली, पुरेशा तारांची जोडी निवडावी. जुनी चाके धडधाकट असताना केवळ वेगासाठी नवी घेणाऱ्याला मी थांबवणार नाही, परंतु पावसाळ्यात पुणे रोडने पश्चिमेकडे तोंड करून निघाल्यावर जो वारा समोरून येतो, त्याच्यापुढे हे ८४० ग्रॅम कुठेच लागत नाहीत, आणि तेथे कोपर वाकवून थोडे खाली झुकल्याने जास्त वाचते, एवढे सांगेन.

खरेदीला जाताना दोन मापे लिहून न्यावीत. एक, चौकटीच्या मागच्या ज्या दोन टोकांत चाकाचा आस बसतो त्यांमधले अंतर : रिम ब्रेकच्या रोड सायकलीला बहुधा १३० मिलिमीटर, हायब्रिडला बहुधा १३५, आणि एकाचे चाक दुसऱ्याला सरळ बसत नाही. दुसरे टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा. 'अठ्ठावीसचा टायर द्या' असे म्हटले की जुन्या काळ्या सायकलीचा २८ बाय दीड इंचाचा टायर पुढे येण्याची पुरेपूर शक्यता असते. त्याच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो, तर रोड सायकलीच्या रिमचा ६२२. तेरा मिलिमीटरच्या या फरकामुळे तो टायर आपल्या रिमवर ढिला बसतो आणि हवा भरताच बाहेर येतो. म्हणून दुकानात '२८-६२२' असेच सांगावे आणि पैसे देण्यापूर्वी तोच आकडा नव्या टायरवर वाचून घ्यावा.